गाडीच्या दारातून पाणी आत येणे : रबर बदलूनही गळती थांबत नसेल तर

माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराजवळचे कार्पेट दोन वर्षांत चार वेळा भिजले. पहिल्या वेळी ते उन्हात वाळवून मी विषय सोडून दिला. दुसऱ्या वेळी दाराचे रबर बदलून घेतले. नवे रबर असूनही तिसऱ्यांदा पाणी आले, तेव्हा त्या रबराच्या कडेने सिलिकॉन सीलंट भरून देण्यात आले आणि पुढच्याच जोराच्या पावसात कार्पेट पिळून पाणी निघावे इतके ओले झाले. चौथ्या वेळी दाराचे आतले पॅनेल उतरवले आणि खरे कारण दोन मिनिटांत समोर आले. पूर्वी कधीतरी स्पीकर बदलताना आतला प्लास्टिकचा पडदा मधोमध कापला गेला होता आणि त्याची खालची कड दुमडून तशीच सोडलेली होती. ज्या रबरावर आम्ही एवढी मेहनत घेतली, त्याचा या गळतीशी काहीही संबंध नव्हता.

दारातून येणाऱ्या पाण्याची तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवते ती बहुधा याच चुकीमुळे. रबर डोळ्यांना दिसते, हाताला लागते आणि सहज बदलता येते, म्हणून दोष त्याच्यावर येतो. पाणी मात्र अनेकदा रबराला वळसा घालून, दाराच्या पोटातून येत असते. ते कसे, हे एकदा नीट समजले की पुढची सारी तपासणी सोपी होते.

दाराच्या आत पाणी जाणे हा बिघाड नव्हे

गाडीचे दार ही दोन पत्र्यांची पोकळ पेटी असते. बाहेरचा पत्रा आपल्याला दिसतो. आतल्या पत्र्याला काच वर-खाली करणारी यंत्रणा, कुलूप, स्पीकर आणि तारा जोडलेल्या असतात आणि या सगळ्यावर, आपण ज्यावर कोपर टेकतो ते पॅनेल बसते. काच याच पेटीत उतरत असल्यामुळे पेटीच्या वरच्या कडेला काचेएवढी लांब फट ठेवावीच लागते. फटीच्या बाहेरच्या कडेला एक रबरी पट्टी काचेला चिकटून असते आणि ती काचेवरचे बरेचसे पाणी बाहेर वळवते. परंतु सरकत्या काचेवर पूर्ण जलबंद सांधा करणे तिला शक्य नसते. त्यामुळे पावसात काचेवरून ओघळणाऱ्या पाण्यापैकी काही भाग प्रत्येक गाडीच्या दारात शिरतो, अगदी काल घेतलेल्या गाडीच्याही. ते काचेवरून आणि बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने खाली येते, दाराच्या तळाशी पोहोचते आणि तेथे मुद्दाम ठेवलेल्या निचऱ्याच्या छिद्रांतून जमिनीवर पडते.

आतल्या पत्र्याला दुरुस्तीसाठी हात आत जावा म्हणून मोठमोठी भोके असतात. ही भोके झाकण्यासाठी त्या पत्र्यावर जाड पॉलिथीनचा किंवा पातळ फोमचा एक पडदा चिकटवलेला असतो आणि त्याच्या चारही कडांना ब्यूटाइल नावाचा काळा, कायम चिकट राहणारा पदार्थ लावलेला असतो. पडद्याच्या पलीकडची बाजू ओली राहण्यासाठीच असते आणि अलीकडची बाजू सदैव कोरडी राहायला हवी. काही गाड्यांत पडद्याऐवजी प्लास्टिकची किंवा धातूची एक मोठी तबकडी स्क्रूंनी कसलेली असते, काचेची यंत्रणा आणि स्पीकर तिच्यावरच बसतात आणि तिच्या कडेने फोमची गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी, फिरवलेली असते. रचना वेगळी असली तरी काम तेच आहे.

म्हणून दारात पाणी कसे शिरले हा प्रश्न बहुतेक वेळा उपयोगाचा नसतो. शिरलेले पाणी तळातून बाहेर का पडले नाही, किंवा बाहेर पडण्याआधी ते पडदा ओलांडून अलीकडे कसे आले, हे शोधायचे असते. पडद्यातून अलीकडे आलेले पाणी पॅनेलच्या मागून खाली घसरते, दाराच्या खालच्या कडेवरून उंबरठ्यावर, म्हणजे दार उघडल्यावर ज्यावरून आपण पाय आत टाकतो त्या पट्टीवर पडते आणि तेथून कार्पेटखाली जाते. दाराचे मुख्य रबर या वाटेच्या बाहेरच्या बाजूला असते. पाणी रबराच्या आत आलेले असल्यामुळे रबर नवे घातल्याने ते अडत नाही. उलट घट्ट रबर त्याला बाहेर जाऊ देत नाही.

पाणी खरोखर दारातूनच येते आहे का

पॅनेल काढण्याआधी हे ठरवलेच पाहिजे, कारण गाडीतले पाणी जेथे साचते तेथूनच ते आत आलेले असते असे नाही. गाडीच्या तळाच्या पत्र्याला उतार आणि घड्या असतात, कार्पेटखालचा फोम पाणी शोषून दूरवर नेतो आणि उतारावर उभ्या केलेल्या गाडीत मागून आलेले पाणी पुढच्या आसनाखाली सापडू शकते.

पाऊस नसतानाही कार्पेट ओले होत असेल आणि ते फक्त एसी चालवल्यानंतर होत असेल, तर दाराकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. एसीच्या थंड गुंडाळीवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते आणि ते एका नळीतून गाडीखाली टपकते. ती नळी तुंबली की तेच स्वच्छ, गंधहीन पाणी डॅशबोर्डाखालून पुढच्या बाजूच्या कार्पेटवर उतरते. ओल बोटांना तेलकट, चिकट लागत असेल, वास गोडसर असेल आणि काचांच्या आतल्या बाजूला धुरकट थर बसत असेल, तर हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून शीतक, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, गळत असण्याची शक्यता मोठी आहे. हा बिघाड इंजिनाशी निगडित असल्यामुळे त्याला उशीर करू नये.

गाडीला सनरूफ असेल, तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या नळ्या छताला आधार देणाऱ्या खांबांतून खाली येतात. त्यांपैकी एक तुंबली किंवा निसटली की पाणी खांबाच्या आवरणामागून दाराच्या कडेलाच येते आणि दाराची गळती वाटते. अशा वेळी छताच्या अस्तराचा कोपरा किंवा खांबाच्या आवरणाची आतली बाजू दमट लागते. पुढच्या काचेचा चिकटवलेला सांधा सुटला असेल किंवा काचेच्या तळाशी असलेली, पाने अडकणारी खोबण तुंबली असेल, तर ओल वरून, डॅशबोर्डाच्या मागून येते. ही सगळी कारणे दाराशी संबंधित नाहीत, पण त्यांच्यामुळे दारावर झालेली अनावश्यक दुरुस्ती मी एकापेक्षा अधिक गाड्यांत पाहिली आहे.

दारातून आलेल्या पाण्याच्या खुणा बऱ्याच स्पष्ट असतात. उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचलली की तिच्याखाली पाण्याची रेघ किंवा धुळीचा सुकलेला ओघळ दिसतो आणि कार्पेटची दाराकडची कड मध्यापेक्षा जास्त ओली असते. यातही एक भेद करता येतो. पॅनेलचा दर्शनी भाग, आसनाची दाराकडची बाजू किंवा काचेच्या वरच्या कोपऱ्याजवळचे अस्तर भिजत असेल, तर पाणी वरून, रबर किंवा काचेची चौकट चुकवून येत आहे. अशा गाडीत वेगात जाताना त्या दाराजवळ वाऱ्याची शिट्टीही बहुधा ऐकू येते. पॅनेलचा दर्शनी भाग पूर्ण कोरडा, शिट्टी नाही आणि तरीही उंबरठा व कार्पेट ओले, असे असेल तर संशय पडद्यावर किंवा निचऱ्यावर घ्यावा.

पाण्याची परीक्षा

ही परीक्षा घाईने केली तर निष्कर्ष चुकतो, आणि चुकीच्या निष्कर्षावर केलेली दुरुस्ती पुढच्या पावसात उघडी पडते. सर्वप्रथम आतला भाग शक्य तेवढा कोरडा करावा, कार्पेटची कड उचलून ठेवावी आणि उंबरठ्यावर, कार्पेटखालच्या पत्र्यावर व खांबाच्या तळाशी कोरड्या कागदाच्या पट्ट्या पसराव्यात. ओल्या गाडीत नवी ओल ओळखता येत नाही, एवढ्यासाठी ही तयारी आवश्यक आहे.

त्यानंतर एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने पाणी सोडावे. नळीला फवारा नको. पाणी नुसते ओघळत राहील इतकाच दाब पुरेसा असतो. गाडी धुण्याच्या जोरदार दाबाच्या यंत्राने परीक्षा घेऊ नये, कारण तो दाब निर्दोष रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि नसलेली गळती दाखवतो. पाणी नेहमी खालून वर न्यावे. प्रथम दाराच्या तळाशी, मग दाराच्या उभ्या कडांवर, मग काचेच्या बुडाशी असलेल्या रबरी पट्टीवर आणि सर्वांत शेवटी छताच्या कडेवर, असे टप्पे ठेवून प्रत्येक टप्प्यावर 5 ते 10 मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि कोणत्या उंचीवरून ते आत आले हे सांगता येत नाही. आत थेंब दिसताच थांबावे, जागेची खूण करावी, ती जागा कोरडी करून तोच टप्पा पुन्हा करावा. दुसऱ्यांदाही थेंब तेथेच आला तरच तो पुरावा मानावा.

बारीक गळतीसाठी रबराच्या बैठकीवर आतून टाल्कम पावडरचा हलका हात फिरवून दार बंद करावे आणि मग पाणी सोडावे. पाणी आले असेल तेथे पावडरमध्ये रेघ उमटते. पाण्याशिवाय करता येणारी एक चाचणीही चांगली आहे. गाडीचा पंखा बाहेरची हवा घेण्याच्या स्थितीत पूर्ण वेगाने चालू ठेवून सर्व दारे-काचा बंद कराव्यात आणि बाहेरून रबराच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. आतली हवा जेथून निसटते तेथे बुडबुडे उठतात. मात्र ही चाचणी फक्त रबराची फट दाखवते; पडद्यातल्या गळतीबद्दल ती काही सांगत नाही.

निचऱ्याची छिद्रे

सर्वांत सोपी दुरुस्ती येथे आहे, म्हणून पॅनेल काढण्याआधी ती करून टाकावी. दार उघडून त्याच्या खालच्या कडेला हात फिरवला की दोन-तीन लांबट छिद्रे किंवा पत्र्याच्या घडीतल्या फटी सापडतात. काही गाड्यांत त्यांवर लहान रबरी झडप असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा भुगा, बी आणि माती यांचा चिखल आतून या छिद्रांवर बसतो. गंजरोधक लेप किंवा पॉलिशचा मेण जास्त झाल्यानेही ती बंद झालेली मी पाहिली आहेत. दार उघड-झाप करताना आत पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल, तर निचरा बंद आहे हे नक्की समजावे. पाण्याची पातळी तळाशी वाढत गेली की ते पडद्याच्या खालच्या कडेवर दाब देते, आणि एरवी टिकून राहिलेला सांधाही अखेर सुटतो. शिवाय दाराचा तळ आतून गंजतो तो याच साचलेल्या पाण्याने.

छिद्र मोकळे करण्यासाठी तारा बांधायची प्लास्टिकची पट्टी किंवा मऊ टोकाची काडी वापरावी. स्क्रूड्रायव्हर खुपसला तर रंग निघतो आणि नेमका तेथेच गंज धरतो. छिद्रे मोकळी झाल्यावर बंद काचेच्या बाहेरच्या बुडाशी, पट्टीच्या लगत, सुमारे एक लिटर पाणी सावकाश ओतावे. पट्टीने बाहेर वळवलेले पाणी पत्र्यावरून ओघळेल, आत शिरलेले पाणी थोड्याच वेळात तळाच्या छिद्रांतून गळू लागेल. ते न गळता आत थांबत असेल, तर चिखल अजून वर आहे आणि पॅनेल काढूनच तो धुवावा लागेल.

पडदा : खरे काम येथे आहे

पॅनेल काढण्यापूर्वी एक सावधगिरी सांगणे भाग आहे. अनेक गाड्यांत बाजूच्या धडकेचा सुगावा घेणारा दाब-संवेदक दाराच्या पोकळीत असतो. धडकेत बाहेरचा पत्रा आत दबला की पोकळीतल्या हवेचा दाब क्षणात वाढतो आणि त्यावरून एअरबॅग फुगवण्याचा निर्णय होतो. अशा दारात पडदा किंवा तबकडी फाटलेली असणे हा केवळ गळतीचा प्रश्न राहत नाही, आणि तिला हवी तशी भोके पाडण्याची मुभाही राहत नाही. कोणताही कनेक्टर सोडवण्याआधी किल्ली बंद करावी, बॅटरीचे ऋण टोक काढावे आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. पिवळे कनेक्टर एअरबॅग यंत्रणेचे असतात, त्यांना माहितीशिवाय हात लावू नये. बॅटरी पुन्हा जोडल्यावर एका स्पर्शात वर जाणाऱ्या काचांना आपली वरची-खालची मर्यादा नव्याने शिकवावी लागू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

पॅनेलचे स्क्रू सहसा हँडलच्या खोलगट भागात, हात टेकण्याच्या जागेखाली आणि आरशामागच्या त्रिकोणी तुकड्याखाली लपलेले असतात. ते काढल्यावर कडेच्या क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने एकेक सोडवाव्यात, पॅनेल वर उचलून काचेच्या कडेवरून सोडवावे आणि मागे हँडलची केबल व तारा जोडलेल्या असतात म्हणून ते ओढू नये. एकदोन क्लिपा तुटणारच. त्या आधीच आणून ठेवाव्यात, कारण क्लिप नसलेली पॅनेलची कड खडखडते.

आता पडदा फाडून आत पाहण्याचा मोह टाळावा. आधी तो जसा आहे तसा पाहावा. पाणी अलीकडे येत असेल, तर पडद्याच्या या बाजूला, बहुधा खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, धुळीत धुतलेले ओघळ असतात आणि ते वर जेथे संपतात तेथेच दोष असतो. पडदा लावलेलाच ठेवून काचेच्या बुडाशी पुन्हा पाणी ओतावे आणि टॉर्चने पाहत राहावे. या क्षणी गळती प्रत्यक्ष दिसते आणि तर्काची गरज उरत नाही.

दोष साधारणपणे तीन ठिकाणी आढळतो. खालच्या कडेचे ब्यूटाइल धुळीने कोरडे पडून सुटलेले असते. किंवा काचेची मोटर, कुलूप वा स्पीकर बदलताना पडदा कापलेला आणि साध्या चिकटपट्टीने जोडलेला असतो. किंवा पडद्याची खालची जीभ चुकीच्या बाजूला बसवलेली असते. या तिसऱ्या दोषाबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण तो पाहूनही लक्षात येत नाही. कौलारू छपरात वरचे कौल खालच्या कौलावर येते, म्हणून पाणी बाहेर घसरते. दाराच्या पडद्याचे तेच आहे. त्याची खालची कड आतल्या पत्र्यातल्या खाचेतून दाराच्या पोकळीत खोचलेली असावी लागते, म्हणजे पडद्यावरून घसरणारे पाणी परत ओल्या बाजूला पडते. ती कड पत्र्याच्या अलीकडे लोंबत राहिली तर पडदा अखंड असूनही सगळे पाणी शिस्तीने उंबरठ्यावर आणून सोडतो. माझ्या गाडीत कापलेल्या भागाखाली नेमके हेच झाले होते.

जुना पडदा धड असेल तर तो परत वापरता येतो. ब्यूटाइल हेअर ड्रायरने किंचित कोमट करून पातळ पात्याने मधोमध कापत पडदा सोडवावा, म्हणजे थोडे ब्यूटाइल दोन्ही बाजूंना राहते. ते धुळीने माखले असेल तर पूर्ण काढावे. ताज्या ब्यूटाइलचा गोळा करून त्याने टिपत गेले की जुने अवशेष त्याला चिकटून निघून येतात. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा. त्यावर ब्यूटाइलची दोरी एकसंध, कोठेही न तुटता लावावी, दोन टोके एकमेकांवर चढवावीत आणि पडदा बसवून सर्व कडांवर बोटांनी किंवा लहान रोलरने जोर देऊन दाबावे. खालच्या दोन कोपऱ्यांना सर्वाधिक वेळ द्यावा, कारण गळती तेथूनच परत येते. पडदा फाटलेला असेल तर जाड पॉलिथीनवर जुन्या पडद्याचा आकार उतरवून नवा कापावा आणि तारांची भोके लागतील तेवढीच लहान ठेवावीत. दाब-संवेदक असलेल्या दारात मात्र कंपनीचाच पडदा घालावा.

येथे सिलिकॉन सीलंट वापरू नये, असा माझा ठाम आग्रह आहे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना असेटिक आम्ल सोडते, त्याने पत्रा आणि तारांची टोके गंजतात. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या पृष्ठभागावर नंतर ब्यूटाइल धरत नाही. पुढच्या वेळी काचेची मोटर बिघडली की तो पडदा फाडल्याशिवाय निघणार नाही आणि मग गळतीचा फेरा पुन्हा सुरू होईल.

तबकडी असलेल्या दारात स्क्रू सोडवून ती बाहेर काढावी लागते. काचेला आधार देऊन वर चिकटपट्टीने पक्के बांधल्याशिवाय हे काम करू नये. जुना फोम पूर्ण खरवडून नवी गॅस्केट किंवा ब्यूटाइल घालावे आणि स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत.

पडद्यातून अलीकडे येणाऱ्या तारांकडेही पाहावे. पाणी तारेवरून चालत येते. तार भोकातून येण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे तिचा सर्वांत खालचा भाग भोकाच्या खाली राहील असे केले, तर थेंब त्या झोळाच्या टोकाला पडून जातो. आतल्या पत्र्यावर बसणाऱ्या स्पीकरला कडेने गॅस्केट हवी आणि मागच्या बाजूला, वरून पडणारे पाणी अडवणारी छोटी छत्री हवी. नंतर बाहेरच्या दुकानात बसवून घेतलेल्या स्पीकरमध्ये या दोन्ही गोष्टी बहुधा राहून जातात. दार आणि गाडीच्या सांगाड्यामध्ये तारांवर जे नळीसारखे रबरी आवरण असते, ते एखाद्या टोकाला निसटले असेल तर पुढच्या दाराजवळचे पाणी त्यातून येते, आणि ते परत बसवणे हे एका मिनिटाचे काम आहे.

रबर आणि दाराची बैठक

परीक्षेत रबरच दोषी ठरले, तरी लगेच नवे मागवू नये. कागदाची एक लांब पट्टी दाराच्या फटीत ठेवून दार बंद करावे आणि ती ओढून पाहावी. रबर नीट दाबले जात असेल तर पट्टी अडत-अडत निघते. ती सरकन निघाली तर तेथे दाब नाही. हाच प्रयोग समोरच्या बाजूच्या दारावर, नेमक्या त्याच जागी करून तुलना करावी, कारण किती अडथळा योग्य आहे हे त्याच गाडीचे दुसरे दार सर्वांत चांगले सांगते.

एकाच ठिकाणी दाब कमी असेल तर तेथे रबर चेपलेले, फाटलेले किंवा बैठकीवरून उचललेले असते. सांगाड्याच्या कडेवर खोचलेले रबर आतल्या धातूच्या पट्टीने ती कड पकडून बसते. ते तळहाताने ठोकून परत बसवता येते, पण कड वाकलेली किंवा गंजलेली असेल तर आधी ती सरळ करून गंज काढावा लागतो. रबर सौम्य साबणाने धुवावे आणि त्याला सिलिकॉन ग्रीस लावावे. दारांची रबरे प्रामुख्याने ईपीडीएम या प्रकारची असतात आणि खनिज तेलाचे ग्रीस त्यांना फुगवून मऊ करते, म्हणून हाताशी असलेले कोणतेही तेल चालत नाही. पोकळ रबराला ठरावीक अंतरावर बारीक भोके असतात. दार लावताना आतली हवा त्यांतून निघते. ती भोके गळतीची समजून बुजवू नयेत.

दाराच्या संपूर्ण मागच्या कडेला दाब कमी असेल, तर दोष रबराचा नसून बैठकीचा आहे. दार थोडे उघडून त्याचे मोकळे टोक हातांनी वर उचलून पाहावे. ते हलत असेल तर बिजागरीची पिन झिजली आहे आणि ती दुरुस्त केल्यावाचून इतर सारे निरर्थक ठरेल. बिजागरी घट्ट असेल, तर सांगाड्यावरच्या ज्या कडीत कुलूप अडकते ती कडी किंचित आत घेता येते. तिच्या मूळ जागेभोवती पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी आणि एका वेळी साधारण 1 मिलिमीटर एवढेच सरकवावे. चौकट नसलेल्या काचेच्या दारांत दार उघडताना काच थोडी खाली उतरते आणि बंद झाल्यावर वर जाऊन रबरात शिरते. ही हालचाल होत नसेल तर रबर कितीही नवे असले तरी वरून पाणी येणारच.

ओले कार्पेट

गळती बंद झाली तरी काम अर्धेच झालेले असते. कार्पेटचा वरचा भाग कोरडा लागतो आणि त्याखालचा फोम कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो. दमट राहिलेल्या वस्तूंवर 24 ते 48 तासांत बुरशी धरू शकते, आणि सकाळी सगळ्या काचा आतून धुक्याने भरत असतील तर पाणी अजून गाडीत आहे असेच समजावे. काही गाड्यांत आसनाखाली नियंत्रक पेट्या आणि तारांचे सांधे असतात. तेथे पाणी पोहोचले तर महिन्यांनंतर असे विद्युत बिघाड सुरू होतात की ज्यांचा संबंध जुन्या पावसाशी कोणी जोडत नाही. म्हणून कार्पेट कडेने उचलून खाली ठोकळे ठेवावेत, ओले पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने फोम दाबून-दाबून रिकामा करावा आणि पंख्याची हवा कार्पेटखालून खेळवावी. तळाच्या पत्र्यातले रबरी बूच पाणी सोडण्यासाठी काढले असेल, तर ते पुन्हा घट्ट बसवावे. सुगंधी वड्या आणि खाण्याचा सोडा वास झाकतात. ओल त्याने जात नाही.

पॅनेल बसवण्यापूर्वी, पडदा डोळ्यांना दिसत असतानाच, पाण्याची परीक्षा पुन्हा करावी, आणि पॅनेल बसवल्यानंतर आणखी एकदा करावी, कारण पॅनेलची क्लिप पडद्याला भोसकून गेल्याचीही उदाहरणे असतात. त्यानंतर उंबरठ्याच्या पट्टीखाली आणि कार्पेटच्या कडेखाली कोरड्या कागदाच्या पट्ट्या ठेवून द्याव्यात व पुढचे तीन-चार मोठे पाऊस झाल्यावर त्या काढून पाहाव्यात. गाडी नेहमी ज्या उतारावर, ज्या दिशेने उभी राहते तशीच ती या काळातही उभी ठेवावी. माझ्या गाडीतली शेवटची पट्टी मी पाचव्या पावसानंतर काढली. ती कोरडी होती, तिच्यावर फक्त धूळ बसली होती.